तिसऱ्या घंटेआधीचं नाव

आमच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांनी एका म्हाताऱ्या युक्रेनियन नटाला फसवलं. त्याने बसवलेलं नाटक स्वतःच्या नावावर केलं. त्या म्हाताऱ्याला मंडळाच्या दारात नेऊन उभं करणारा मी होतो, म्हणजे त्यांनी मलाही फसवलं. बाकी जे काही सांगितलं जातं, व्हिसा, परवानगी, गैरसमज, आयत्या वेळची धावपळ, ते सगळं ह्यावर चढवलेलं कव्हर आहे. मी सोफ्याची कव्हरं शिवून मोठा झालोय. कव्हराखाली काय असतं ते मला कुणी शिकवू नये.

नाव मी कुणाचंच घेणार नाही. मस्कतमध्ये मराठी माणसं इतकीही नाहीत की कळायचं त्यांना कळू नये. म्हाताऱ्याचं नावही इथे लिहीत नाही. ते स्टेजवरून घेतलं जायला हवं होतं. ‘लेखात आलं ना, झालं मग’ असं म्हणायची सोय मी मंडळाला करून देणार नाही.

मी मूळचा वसईचा. मस्कतच्या मत्रह भागात आलो तो एका कच्छी शेठच्या दुकानात मशीनवर बसायला. आज सुकाच्या, म्हणजे जुन्या बाजाराच्या, मागच्या गल्लीत पडद्यांचं आणि सोफ्याच्या कापडाचं दुकान माझं स्वतःचं आहे. मधली कहाणी मी ऐकवत बसत नाही. एवढंच सांगतो, की ह्या गल्लीत टिकायचं तर गिऱ्हाईक काय बोलतं ते ऐकायचं नाही, त्याचा हात बघायचा. कापड आवडलेला माणूस हात पटकन काढून घेतो. न आवडलेला उगाच चोळत बसतो.

म्हातारा पहिल्यांदा आला तो मुलीबरोबर. मुलगी इथल्या एका खासगी दवाखान्यात दातांची डॉक्टर. त्यांनी अल अमेरातला फ्लॅट भाड्याने घेतला होता, खिडक्या पश्चिमेच्या, दुपारी घरात भट्टी. जाड पडदे हवे होते. मुलगी भाव करत होती आणि वाईट करत होती. म्हातारा बाजूला उभा. साठीच्या पुढचा, उंच, पांढरे केस मागे वळवलेले. कापडाला त्याने एकदाच बोट लावलं आणि काढून घेतलं. मी ते पाहिलं आणि भावावर अडून बसलो.

तेव्हा त्याने मुलीच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोघं दाराकडे निघाली.

दुकानातून उठून जाणारी गिऱ्हाइकं मी जन्मभर पाहिलीत. कोण खरंच चाललंय आणि कोण तीन दुकानं पुढे जाऊन परत येणार, हे मला पाठीवरून कळतं. ह्याची पाठ मात्र वेगळी होती. खांदे असे हळूहळू खाली आले, की जणू आत्ताच कुणी त्याला सांगितलंय, आता घरी जाऊ नकोस. उंबऱ्याशी तो वळला आणि त्या कापडाकडे पाहिलं. माझ्याकडे नजरसुद्धा टाकली नाही. मी खुर्चीतून उठलो, “बाबा, थांबा!” म्हणून ओरडलो, आणि माझ्याच तोंडाने माझा भाव खाली आणला.

तो वळला. खांदे जागेवर, चेहरा ताजा, डोळे हसरे.

“सॉरी,” मुलगी लाजून म्हणाली, “माझे वडील नट आहेत.”

मला असा संताप आला, की हातातला कापड मोजायचा लोखंडी गज काउंटरवर आपटला. “ही फसवणूक आहे!”

“नाही, अर्बाब,” म्हातारा म्हणाला, “ही तालीम.”

अर्बाब म्हणजे इथे मालक. तो शब्द त्याने त्या अर्ध्या तासात माझ्या बंगाली कारागिराच्या तोंडून उचलला होता. इंग्रजी तो तुटकं बोलायचा, माझंही तसंच. आमचं बोलणं मी इथे मराठीत लिहितोय, पण दोन्ही बाजूंनी ते लंगडत चालायचं हे लक्षात असू द्या.

त्यानंतर तो येत राहिला. मुलगी कामावर जाताना त्याला कॉर्निशवर, समुद्राकाठच्या रस्त्यावर, सोडायची, तो समुद्राकडे बघत थोडा वेळ बसायचा आणि मग माझ्या दुकानात येऊन मखमलीच्या ताग्यांशेजारच्या स्टुलावर ठाण मांडायचा. मला वाटलं, हा काहीतरी मागणार. पडद्याच्या दुकानात कुणी उगाच बसत नाही. मी विचारलंसुद्धा.

“तुला काय पाहिजे?”

“काही नाही. इथे रोज नाटक आहे, आणि तिकीट नाही.”

त्याची गोष्ट त्याने तुकड्यातुकड्यांनी सांगितली आणि मी ती तुकड्यातुकड्यांनी तपासली. एकच प्रश्न काही दिवसांनी उलट्या बाजूने विचारायचा, ही माझी जुनी पद्धत. खोटी गोष्ट दुसऱ्या वेळी गुळगुळीत होऊन येते. ह्याची दर वेळी अडखळायची, आणि त्याच जागी.

बाप कोळशाच्या खाणीत. हा गावातल्या थिएटरात खुर्च्या-टेबलं उचलायला लागला. एक नट आजारी पडला म्हणून ह्याला शिपायाचा कोट घालून एका वाक्यासाठी आत ढकललं. ते वाक्यही तो चुकला, लोक हसले, आणि ते हसणं ऐकून तो तिथेच राहिला. पुढे प्रियकर झाला, मग बाप झाला, मग राजे केले, आणि शेवटी नाटकं बसवायला लागला. सगळं एकाच शहरात, एकाच थिएटरात. बायको तिथेच कपडेपट सांभाळायची. मग बंदुका घेऊन माणसं आली आणि ह्याने शहर सोडलं. दुसऱ्या शहरात जाऊन पोरांना शिकवायला लागला, तर युद्ध तिथेही येऊन पोचलं. तोवर बायको वारली होती. लढायचं वय उलटलेलं म्हणून त्याला देशाबाहेर पडता आलं, आणि मुलगी इथे होती म्हणून तो इथे आला.

तो अडखळायचा ती जागा वेगळीच होती. घर, शहर, सगळं सलग सांगायचा. अडखळायचा तो एका पोस्टरपाशी.

फोनवर त्याने मला ते दाखवलं. त्याच्या जुन्या थिएटरात, जिथे आता तो पाय ठेवू शकत नाही, त्याने बसवलेलं एक नाटक अजून चालू आहे. स्टेजच्या मधोमध एक पांढरा दरवाजा, ही कल्पना त्याची. लोकांचं येणं, बसणं, उठणं, सगळं त्याचं. पोस्टरवर दिग्दर्शक म्हणून नाव आहे ते त्याच नाटकात नोकराचं काम करणाऱ्या माणसाचं. तो माणूस मागे राहिला होता.

“केस कर!” मी म्हणालो.

“कुठे?”

त्याने बोटांनी फोटो मोठा केला. “हा मागचा पडदा. माझ्या बायकोने शिवलाय.” आणि मग बराच वेळ तो मखमलीच्या ताग्याकडे बघत बसला. तो माझ्या दुकानात का बसतो ते मला त्या दिवशी कळलं.

तरी माझी शंका जाईना. फोनवरचं पोस्टर कुणाचंही असेल. मी त्याच्या मुलीला गाठलं आणि नाटकाचा व्हिडिओ मागितला. विग लावलेला, मिशा चिकटवलेला एक राजा सिंहासनावरून उठून चालू लागला. तोंड ओळखू येत नव्हतं. पण दाराशी जाताना त्याचे खांदे खाली आले आणि मी म्हणालो, “हाच तो चोर.” माझा भाव पाडणारे खांदे मी कसे विसरेन?

आता मंडळ. दर वर्षी गणपतीनंतर आमचं मंडळ एक तीन अंकी नाटक करतं. बहुतेक सभासद मुंबई-पुण्याचे, मोठ्या कंपन्यांत, पगारदार. मी दुकानवाला. दर्शनी पडदा माझा, विंगांचं काळं कापड माझं, आणि पडद्याची दोरी ओढायलाही मीच, कारण वसईला चर्चच्या नाटकांत मी लहानपणापासून तेच केलंय. कार्यकारिणीत मात्र मला कधी कुणी विचारलं नाही. पडदा हवा असला की ‘शेठ’, एरवी ‘ते पडदेवाले’.

त्या वर्षी नेहमीचा दिग्दर्शक बदली होऊन दुबईला गेला आणि अध्यक्ष अडचणीत आले. पडद्याचं विचारायला दुकानात आले, तर म्हातारा स्टुलावर बसलेला. मी म्हणालो, हा बसवील तुमचं नाटक.

“शेठ, चेष्टा करताय? ह्याला मराठी कुठे येतं?”

“तुमच्या गेल्या वर्षीच्या हिरोला तरी कुठे येत होतं?”

अध्यक्ष हसले. हसणं त्यांना छान जमतं. मग मी सौदा मांडला. म्हातारा मानधन घेणार नाही, मुलीच्या व्हिसावर राहतो, घेऊच शकत नाही. त्याला एकच हवं: नाव. आपल्याकडे दुसऱ्या आणि तिसऱ्या घंटेच्या मध्ये, अंधारात, लाऊडस्पीकरवर नावं सांगतात. लेखक, नेपथ्य, प्रकाश, संगीत, आणि सगळ्यात शेवटी दिग्दर्शक. त्या जागी ह्याचं नाव आलं पाहिजे, नीट उच्चारून. बस.

“अहो, एवढंच ना? नक्की! नक्की म्हणजे नक्की!”

मी तिथेच सावध व्हायला हवं होतं. ज्याला द्यायचं असतं तो माणूस घासाघीस करतो. आधी का-कू करतो, थोडं कमी करा म्हणतो. ह्यांनी एका शब्दानेही ओढून धरलं नाही. पण मी खूश होतो, आणि खूश माणसाला दिसत नाही.

म्हाताऱ्याला मी सौदा समजावला. त्याने विचारलं, “तुमच्या भाषेत डायरेक्टरला काय म्हणतात?” मी सांगितलं, दिग्दर्शक. तो शब्द त्याने आठवडाभर चघळला. सुरुवातीला ‘दिग’वरच अडकायचा. मग एक दिवस नीट म्हणाला आणि माझ्या कारागिराला चहा पाजला.

तालमी अध्यक्षांच्या व्हिलाच्या अंगणात. नाटक आमच्याच एका इंजिनिअर सभासदाने लिहिलेलं, दोन भावांमध्ये गावच्या घराची वाटणी. म्हाताऱ्याने आधी इंग्रजीत गोष्ट ऐकून घेतली आणि मग सगळ्यांना कामाला लावलं. वाक्यं नंतर, आधी कामं. थोरल्या भावाने कांदे चिरायचे, धाकट्याने पंखा पुसायचा, वहिनीने कपड्यांच्या घड्या घालायच्या, आणि हे करता करता बोलायचं. तो खुर्चीत डोळे मिटून बसायचा. कुणी खोटं बोललं, म्हणजे वाक्य नुसतं म्हणून टाकलं, की त्याचं उजव्या हाताचं पहिलं बोट वर जायचं. मराठीचा एक शब्द येत नाही, आणि बोट बरोबर तिथेच.

मला हे पटेना. वाटलं, हा अंदाजाने बोटं उचलतो आणि लोक भुलतात. मी त्याला दुकानात बसवलं आणि एका ओमानी गिऱ्हाइकाशी अरबीत सौदा केला. म्हटलं, डोळे मीट आणि ऐक. मी तीनदा भाव सांगितला. तिसऱ्या वेळी ‘खलास, ह्याखाली माझी खरेदीसुद्धा नाही’ म्हणालो, आणि बोट वर. गिऱ्हाइकाने ते बघितलं, हसला, आणि आणखी खाली उतरला. पुन्हा नुकसान माझंच.

एकदा वहिनीचं काम करणाऱ्या बाईंच्या हातून संहितेची पानं पडली. त्या वाकून उचलायला लागल्या तर म्हातारा ओरडला, “थांब! हात लावू नको! आधी त्यावर बस!”

त्यांच्याकडे तशी रीत आहे. संहिता खाली पडली तर नटाने तिथेच तिच्यावर बसायचं आणि बसल्या बसल्याच उचलायची, नाहीतर नाटक पडतं. आमच्या बाई सदाशिव पेठेतल्या. पानांना चुकून पाय लागला तर डोळ्यांना लावणाऱ्या.

“कागदावर बसू? सरस्वती आहे ती! मी नाही बसणार.”

“नाटक पडेल!”

“पडू दे! मला पाप नकोय!”

म्हातारा हट्टाला पेटलेला, बाई रडकुंडीला आलेल्या. शेवटी मध्ये मी पडलो. कारमधून गादीचा एक चौकोन आणला, नमुन्याचा. आधी बाईंनी पानांना नमस्कार केला, मग पानांवर गादी ठेवली, आणि गादीवर त्या बसल्या. म्हाताऱ्याने गादीकडे संशयाने पाहिलं, जाडी दाबून बघितली आणि मान डोलावली. दोघांचंही समाधान झालं. त्यानंतर कुणाचंही पान पडलं की हाक यायची, “शेठ, गादी!”

ह्या सगळ्यात अध्यक्ष रोज हजर. म्हाताऱ्याच्या शेजारची खुर्ची त्यांची. ‘सर, चहा?’ ‘सर, पंखा इकडे करू?’ म्हातारा सिगरेट ओढायला फाटकाबाहेर गेला, की अध्यक्ष उठायचे, नटांच्या मध्ये उभे राहायचे, एक हात हवेत, आणि त्यांचे चिरंजीव फोटो काढायचे. मला तेव्हा वाटलं, हौस. आज ते फोटो मंडळाच्या पानावर आहेत. एकाही फोटोत म्हातारा नाही. सिगरेट ओढायला तो किती वेळा जात होता ते आठवा, आणि मग त्याला हौस म्हणा.

घोषणा करणाऱ्या ताई आमच्या मंडळाच्या जुन्या सभासद, आवाज गोड. म्हाताऱ्याचं नाव आपल्या जिभेला जड आहे. त्या दुकानात आल्या आणि त्याच्यासमोर बसून सराव केला. आईच्या घरासाठी त्यांनी माझ्याकडे पडदे शिवायला टाकले होते, तेही त्याच वेळी घेऊन गेल्या. म्हणाल्या, आईचं ऑपरेशन ठरलंय, उद्या नाशिकला निघतेय, प्रयोगाला मी नसेन, पण काळजी करू नका, बघतील कुणीतरी. नाटकाला तेव्हा आठवडा होता. ही गोष्ट लक्षात ठेवा.

प्रयोग एका शाळेच्या हॉलमध्ये. म्हातारा काळा कोट घालून आला. बाहेर हवा अशी, की गाडीच्या दाराला हात लावला तर भाजावा, आणि हा लोकरी कोटात. मी म्हणालो, मरशील. तो म्हणाला, “पहिल्या प्रयोगाला हा कोट. दोन्ही शहरं सोडताना हाच घेऊन निघालो.” मग तो माझ्या बाजूच्या विंगेत, दोरीजवळ येऊन उभा राहिला. नटराजाची पूजा झाली, नारळ फुटला. दुसरी घंटा झाली, अंधार झाला.

लेखक. नेपथ्य. प्रकाश. संगीत. प्रत्येक नावाला टाळ्या. म्हाताऱ्याने कोटाचं वरचं बटण लावलं.

“आणि दिग्दर्शक...”

तो शब्द त्याला कळला. त्याची मान वर गेली. आणि पुढे आलं ते अध्यक्षांचं नाव, स्पष्ट, गोड आवाजात, आडनावासकट. टाळ्या.

म्हातारा तसाच उभा. मला वाटतं एक क्षण त्याला वाटलं असावं, आपलं नाव मराठीत असं ऐकू येतं. मग त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि माझा चेहरा बघून त्याला कळलं.

तिसरी घंटा झाली. दोरी माझ्या हातात. मी ओढली नाही. स्टेजवर थोरला भाऊ कांदा आणि सुरी घेऊन बसलेला, वहिनी घड्या धरून. प्रेक्षकांत कुजबुज सुरू झाली. समोरच्या विंगेतून अध्यक्ष हातवारे करताहेत: उघडा, उघडा! मी त्यांच्याकडे बघत दोरी मुठीत घट्ट धरली. माझ्या मनात स्वच्छ होतं, आज हा पडदा उघडणार नाही. कापड माझं आहे.

तेव्हा म्हाताऱ्याचा हात माझ्या हातावर आला. “अर्बाब,” तो कुजबुजला, “ते बसलेत.” नटांकडे बोट दाखवलं. “ते वाट बघताहेत.” माझी बोटं त्याने सोडवली आणि दोरी स्वतः ओढली, एका लयीत, कुठेही न हिसकता. पडदा उघडला. नाटक असं रंगलं, की मंडळाच्या इतिहासात तसं रंगलं नसेल. मी एक वाक्य ऐकलं नाही.

शेवटचा पडदा पडल्यावर अध्यक्ष हार घालूनच विंगेत आले. मी त्यांचा रस्ता अडवला. माझा आवाज बाहेर दारापर्यंत गेला असणार.

“शेठ, हळू बोला! समजून घ्या. आज दुपारी फोन आला. फॅमिली व्हिसावरचा माणूस, त्याचं नाव जाहीर झालं तर त्याच्यावरच बालंट येईल म्हणाले. आयत्या वेळी मी काय करणार? त्यांच्याच भल्यासाठी केलं.”

“कुणाचा फोन?”

“आता ते मी सांगू शकत नाही.”

म्हातारा एका पेटीवर बसला होता, डोळे मिटून, कोट अजून अंगात. अध्यक्ष मराठीत बोलत होते. आणि म्हाताऱ्याचं बोट वर गेलं. फार नाही, गुडघ्यावरून थोडंसं. पण वर गेलं.

मी ते बघितलं आणि माझं डोकं एकदम थंड झालं. सौद्यात समोरचा चुकला की होतं तसं.

“दुपारी फोन आला?”

“दुपारी. शपथेवर सांगतो.”

“मग घोषणा कधी बदलली?”

“लगेच. दुपारीच.”

“आवाज ताईंचा होता. ताई आठवड्यापूर्वी नाशिकला गेल्या. माझे पडदे घेऊन गेल्या. दुपारी येऊन वाचून गेल्या काय?”

अध्यक्षांच्या मागे कार्यकारिणीतले दोघं-तिघं उभे होते. सगळे आपापल्या बुटांकडे बघायला लागले. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. घोषणा आधीच रेकॉर्ड करून ठेवलेली, आठवडाभर खिशात घालून हे लोक त्याला ‘सर, चहा?’ विचारत होते.

“आणि एक सांगा,” मी म्हणालो, “व्हिसाची भीती होती, ठीक. मग जागा रिकामी ठेवायची. ‘एक रंगकर्मी मित्र’ म्हणायचं. तुमचं नाव तिथे कुठल्या व्हिसावर आलं?”

अध्यक्षांचं हसणं पहिल्यांदा गेलं. “शेठ, तुम्ही पडदे सांभाळा. नाटकातलं तुम्हाला कळत नाही.”

मी पुढे झालो होतो, हातही उचलला होता, हे मी नाकारत नाही. वहिनी झालेल्या बाईंनी मध्ये येऊन मला धरलं. त्या रडत होत्या. अध्यक्षांच्या घरच्यांनी तोवर गाडी काढली होती.

दुसऱ्या दिवशी मी मंडळाच्या ग्रुपमधून बाहेर. काढला गेलो, निघालो नाही. ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “दादा, तुमच्या दुकानात सराव केला त्याच संध्याकाळी मला बोलावून वाचून घेतलं. विचारलं होतं मी, नाव का बदललं? म्हणाले, त्यांनाच नकोय, तेच नको म्हणाले.”

हे ऐकल्यावर, खरं सांगतो, माझ्या मनात किडा वळवळला. म्हातारा खरंच नको म्हणाला असेल तर? भीतीने? मुलीच्या नोकरीपायी? आणि मग विंगेत कोटाचं बटण लावणं, मान वर करणं, हे सगळं काय होतं? ह्याच माणसाने खांदे पाडून मला पहिल्याच दिवशी गंडवलं होतं. मी काही दिवस त्याच्याशी नीट बोललो नाही. तो येऊन स्टुलावर बसायचा, मी गिऱ्हाइकांत असल्याचं दाखवायचो.

शेवटी राहवेना. “तू त्यांना सांगितलंस, माझं नाव नको म्हणून?”

त्याने माझ्याकडे पाहिलं. मी त्याच्या तोंडाकडे बघत नव्हतो. खांद्यांकडे बघत होतो. नाटक करत असता तर त्या क्षणी खांदे पाडले असते, तो त्याचा हुकमी डाव आहे. खांदे जागचे हलले नाहीत. तो फक्त म्हणाला, “अर्बाब, आता माझी अशी पोस्टरं दोन झाली.”

मग मी त्याला शब्द दिला. म्हणालो, ह्याच नाटकाच्या आधी, तिसऱ्या घंटेअगोदर, तुझं नाव घ्यायला लावीन. बोलताना मी त्याच्या उजव्या हाताकडे बघत होतो. हात गुडघ्यावर होता. बोट वर गेलं नाही. आता त्याने माझ्यावर विश्वास ठेवला, की बोट उचलायचाच कंटाळा आला, हे मी ठरवू शकत नाही. पण शब्द दिलाय.

मी हे आत्ता लिहितोय, कारण ते नाटक आता पुण्याला चाललंय. परदेशातल्या मंडळांच्या महोत्सवासाठी निवडलं गेलंय. अध्यक्षांचा सत्कार आहे, ‘दिग्दर्शक’ म्हणून. पुण्यात ओमानचा व्हिसा लागत नाही. तिथे त्या नावाने कुणावर बालंट येणार नाही. म्हणजे भल्यासाठी केलं म्हणणाऱ्यांना आता अडचण कुठली?

म्हातारा अजून येतो. परवा काळा कोट घेऊन आला. अस्तर उसवलं होतं, शिवून दे म्हणाला. मी शिवला. विचारलं, घालणार कधी? त्याने कोटाची घडी घातली आणि मांडीवर ठेवली.

तेव्हा अध्यक्षमहाराज, तुम्हाला विचारतो, आणि त्या संध्याकाळी बुटांकडे बघत उभ्या राहिलेल्या कार्यकारिणीलाही विचारतो. फोन कुणाचा होता? दुपारी आला, तर आठवडाभर आधीचं रेकॉर्डिंग कसं? म्हातारा नको म्हणाला हे ताईंना कुणी सांगितलं? तुमचं नाव त्या जागी लिहिलं कुणी, तुम्ही स्वतः की दुसऱ्या कुणी, आणि दुसऱ्या कुणी लिहिलं असेल तर ते ऐकून तुम्ही हार का घालून घेतलात? पुण्याला दुसरी घंटा होईल, अंधार होईल, ‘आणि दिग्दर्शक’ म्हटलं जाईल. त्यानंतर कुणाचं नाव येणार, ते मला जाण्याआधी सांगून जा. तोंडी नको, फोनवर नको. माझ्या दुकानात या, त्या स्टुलासमोर उभे राहा, आणि मराठीतच सांगा. तो ऐकेल.